पाचशे डॉलरचे पिस्तूल आणि शस्त्राचा अधिकार

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्या वाढली, तशी तिथल्या जीवनाची काही अंगे आपल्या घरांतील बोलण्यातही येऊ लागली. बंदूक हे त्यांपैकी एक. टेक्सासमधला मुलगा दूरध्वनीवर सहज सांगतो, ‘बाबा, मी एक पिस्तूल घेतो आहे,’ आणि इकडे पुण्या-नाशिकच्या घरात क्षणभर शांतता पसरते. ही शांतता केवळ भीतीची नसते. शस्त्राकडे नेमके कसे पाहावे, याविषयीचा आपला गोंधळही तिच्यात असतो. दसऱ्याला शस्त्रपूजन करणारा समाज प्रत्यक्ष शस्त्र समोर आले की गांगरतो. म्हणूनच या विषयाचा शांतपणे विचार करायला हवा.

तिकडच्या नवख्या नेमबाजांना ज्याची हमखास भुरळ पडते, ते पिस्तूल ‘१९११’ या नावाने ओळखले जाते. जॉन मोझेस ब्राउनिंग या प्रतिभावान अमेरिकी तंत्रज्ञाने त्याची रचना केली आणि २९ मार्च १९११ रोजी अमेरिकी सैन्याने ते स्वीकारले. दोन्ही महायुद्धे, कोरिया आणि व्हिएतनाम पाहून १९८५ मध्ये त्याची जागा दुसऱ्या पिस्तुलाला देण्यात आली. सैन्याने निरोप दिला, तरी लोकांनी दिला नाही. पाच इंची नळी, सात गोळ्यांची मॅगझिन, सव्वा किलोच्या आतबाहेरचे वजन आणि सरळ मागे सरकणारा हलका चाप यांमुळे शतकानंतरही नेमबाज त्याची वाखाणणी करतात.

या पिस्तुलाच्या जन्मकथेत इतिहासाचा एक विलक्षण योगायोग दडलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेने फिलिपाइन्स बेटे आपल्या अंमलाखाली आणली. तेथील मोरो लढवय्यांपुढे अमेरिकी सैनिकांचे .३८ व्यासाचे रिव्हॉल्व्हर अपुरे पडते, अशा तक्रारी येऊ लागल्या. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लागार्ड या दोन अधिकाऱ्यांनी चाचण्या घेऊन .४५ पेक्षा कमी व्यास नको, असा निष्कर्ष काढला. त्यातूनच पुढे हे पिस्तूल आले. आज अमेरिकेच्या दुकानांत ‘रॉक आयलंड आर्मरी’ या नावाने मिळणारे स्वस्त १९११ कुठे तयार होते? फिलिपाइन्समध्येच, मनिलाजवळच्या मारिकिना शहरातील आर्मस्कोर कंपनीच्या कारखान्यात. ज्या भूमीवरील लोकांना नमवण्याच्या गरजेतून हे शस्त्र घडले, त्याच भूमीतले कारागीर आज ते घडवून अमेरिकेला विकत आहेत. काळ सूड उगवतो तो नेहमी रक्तानेच, असे नाही. कधी तो कौशल्यानेही उगवतो.

मूळ कोल्ट कंपनीच्या पिस्तुलाच्या जवळजवळ निम्म्या किमतीत, म्हणजे सुमारे पाचशे डॉलरला, हे पिस्तूल मिळते. ब्राउनिंगचे स्वामित्वहक्क केव्हाच संपले असल्याने ही रचना कोणालाही खुली आहे. सांगाडा ओतीव पोलादाचा, वरची झिलई साधी, सजावट शून्य आणि मजुरी अमेरिकेपेक्षा कमी. पण गोळी जाते ती नेम धरला असेल तिथेच. दिखाऊपणाला कात्री लावून मूळ काम चोख ठेवायचे, हा या स्वस्ताईचा साधा हिशेब आहे. आपल्याकडे मुंगेरच्या कारागिरांचा हात काही कमी कसबी नव्हता. पण तिथले परवानाधारक कारखाने रोडावत गेले आणि अवैध कट्ट्यांनी गावाचे नाव बदनाम केले. मारिकिनाकडे पाहताना ही खंत वाटल्यावाचून राहत नाही.

तथापि स्वस्ताईचा दुसरा हिशेबही मांडला पाहिजे. .४५ ची एक गोळी साधारण अर्ध्या डॉलरला पडते. हाताला थोडे वळण लागण्यापुरत्या हजार गोळ्या झाडल्या, तरी पिस्तुलाच्या किमतीइतकाच खर्च पुन्हा होतो. शिवाय प्रशिक्षकाचे शुल्क, कानांचे व डोळ्यांचे संरक्षण आणि घरात कुलूपबंद पोलादी पेटी. म्हणजे स्वस्त झाले ते पिस्तूल. साधना स्वस्त झालेली नाही. जो पाचशे डॉलर मोजतो आणि पन्नास गोळ्या झाडून ते कपाटात ठेवून देतो, त्याने शस्त्र घेतले नाही, जोखीम विकत घेतली.

ही जोखीम काल्पनिक नाही. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८ हजारांहून अधिक माणसे मेली; त्यांपैकी २६ हजारांहून अधिक मृत्यू आत्महत्येचे होते. चोर-दरोडेखोरांची भीती धरून आणलेले शस्त्र खचलेल्या क्षणी घरच्याच माणसाच्या हाती लागते, हे त्या समाजाचे दारुण वास्तव आहे. एकटेपणा, नोकरीची अनिश्चितता, आप्तांपासूनचा दुरावा हे सारे आपल्याही मुलांच्या वाट्याला येते. ‘आमच्या घरात असे होणार नाही’ हा विश्वास म्हणजे बंदोबस्त नव्हे.

कायद्याचीही बाजू आहे. तिथे परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घेण्यास वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत, विहित अर्ज भरावा लागतो आणि पूर्वचारित्र्याची तपासणी होते. ग्रीनकार्डधारकाला खरेदी करता येते. परंतु एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक वा काडतूस बाळगण्यास संघराज्याचा कायदा सामान्यतः मनाई करतो. शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. मित्राने दिले म्हणून हाती घेतलेले पिस्तूल वर्षानुवर्षांच्या कष्टांवर पाणी फिरवू शकते.

मग सुसंस्कृत घराने शस्त्राला हातच लावू नये काय? तसेही नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी या देशाला निःशस्त्र केले आणि शस्त्र म्हणजे गुंडाची वा सरकारची वस्तू, ही समजूत मध्यमवर्गात हळूहळू रुजली. स्वातंत्र्यानंतर ती दूर करण्याचा प्रयत्न करणाऱ्यांत लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर होते. १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली ती त्यांच्या पुढाकाराने. धोतर-टोपीतला हा सात्त्विक गृहस्थ नेमबाजीकडे नागरिकाचे शिक्षण म्हणून पाहू शकला. आज आयात पिस्तूल आपल्या देशात सामान्य नागरिकाला आणता येत नाही. ती मुभा नामांकित नेमबाजांना आहे. त्यामागचे तत्त्व ध्यानात घेण्यासारखे आहे. आधी कौशल्य सिद्ध करा, मग शस्त्र मिळवा. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाने सुवर्ण जिंकले, स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला रायफलीने कांस्य मिळवले. त्यांच्या हातातील शस्त्राची किंमत कोणी विचारली नाही; त्यामागची वर्षे सर्वांना दिसली.

अमेरिकेत मात्र ती अट बाजाराने काढून टाकली आहे. पूर्वी किंमत तरी आडवी येत असे. आता तीही येत नाही. अशा वेळी अट आपली आपणच घालून घ्यावी लागते. कोणी म्हणेल, आत्मरक्षण हा मूलभूत अधिकार आहे, त्याला अटी कसल्या? अधिकार मान्यच आहे. पण आपल्या परंपरेत ‘अधिकार’ या शब्दाचा दुसरा अर्थ पात्रता असा आहे, आणि तो पहिल्या अर्थाआधी येतो. पांडवांनीही अज्ञातवासात आपली शस्त्रे शमीवर झाकून ठेवली. शस्त्र आवरता येणे हीदेखील शस्त्रविद्याच होती.

तेव्हा मुलाचा तो दूरध्वनी आला, तर रागावू नये आणि कौतुकही करू नये. त्याला तीन गोष्टी विचाराव्यात : तुझा व्हिसा याला परवानगी देतो का? पिस्तूल घेण्याआधी प्रशिक्षकाकडे किती दिवस शिकलास? आणि ते घरात कुठे, कोणत्या कुलपात राहणार? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर त्याने खुशाल मारिकिनाचे ते साधे, भक्कम पिस्तूल घ्यावे आणि दर आठवड्याला लक्ष्यपत्रावर आपला हात स्थिर करावा. एकही उत्तर अडखळले, तर पाचशे डॉलर प्रशिक्षणावर खर्च करावेत. पिस्तूल पुढच्या वर्षीही दुकानात असेलच.