बर्फात चढणारी गाडी थांबणार कशी?

डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या थार आणि जिम्नी मनालीकडे निघतात. 2020च्या ऑक्टोबरात अटल बोगदा खुला झाला आणि लाहौल भर हिवाळ्यातही आवाक्यात आले. निघण्याआधी अनेक जण हौसेने मोठ्या बटणांचे मड-टेरेन टायर चढवतात. चिखलात ते उत्तम ओढतात. पण वाहनांनी दाबून गुळगुळीत केलेल्या बर्फावर त्यांच्या भरवशावर उतार उतरणे आम्हाला धोक्याचे वाटते.

साध्या टायरचे रबर तापमान सात अंशांच्या खाली गेले की कडक होऊ लागते. विंटर टायरच्या रबरात सिलिका जास्त असते, त्यामुळे ते थंडीतही लवचीक राहते. हाताने चाचपून पाहिले तर त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा लागतात. चाक रस्त्यावर दाबले गेले की त्या किंचित उघडतात आणि त्यांच्या कडा रस्ता पकडतात. खाचांत बर्फ भरतो तोही कामाला येतो, कारण बर्फाला बर्फ घट्ट धरतो. मड-टेरेनचे ठोकळे मोठे, चिरा मात्र तुरळक.

यावर ‘गाडी फोर बाय फोर आहे’ हे उत्तर ठरलेले असते. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी चढते हे खरे. पण ब्रेक प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतातच. थांबताना या गाडीला जादा काही मिळत नाही, उलट वजन जास्त. हिमवृष्टीत सोलंगच्या पुढे पोलीस बहुधा फोर बाय फोर किंवा चेन लावलेली गाडीच सोडतात. गर्दीत तपासायला हा नियम सोपा आहे आणि तो हवाच. पण त्यातून टायर सुटतो. कॅनडात क्युबेक प्रांताने 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे केले आहेत. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर ऑक्टोबर 2024पासून तीन शिखरे आणि हिमकण असे चिन्ह असलेलाच टायर चालतो. नुसते ‘एम+एस’ (मड अँड स्नो) पुरत नाही. ते योग्यच आहे. ‘एम+एस’ कंपनी स्वतःच छापते, शिखरांचे चिन्ह बर्फावरच्या चाचणीनंतर मिळते.

मग सर्वांनी अस्सल विंटर टायरच घ्यावेत का? मॉन्ट्रियलच्या मराठी कुटुंबाने किंवा केलाँगच्या रहिवाशाने जरूर घ्यावेत. त्यांचे कित्येक महिने थंडीतच जातात. पुणेकराचे गणित वेगळे. मनालीपर्यंतचे सुमारे दोन हजार किलोमीटर बहुतेक कोरड्या डांबराचे, आणि परतल्यावर मार्चचे ऊन. त्या उन्हात मऊ रबर भराभर झिजते, ब्रेक मारल्यावर गाडी जास्त लांब जाते. शिवाय हे टायर आपल्याकडे सहज मिळत नाहीत.

वर्षातून आठ-दहा दिवस बर्फात जाणाऱ्याने शिखरांचे चिन्ह असलेले ऑल-टेरेन टायर आणि सोबत चेन घ्यावी, असे आमचे मत आहे. निखळ बर्फावर हे टायर विंटर टायरची बरोबरी करणार नाहीत, ती उणीव चेन भरून काढते. चेनचीही बंधने आहेत: वेग ताशी चाळीस-पन्नासच्या आत, कोरडा रस्ता आला की उतरवायची. ती घरच्या अंगणातच एकदा लावून पाहावी. गारठलेल्या बोटांनी चाकामागचा हूक चाचपडत शोधणे फार कठीण जाते. चारही टायर एकाच जातीचे हवेत, पुढचे दोनच बदलले तर वळणावर गाडीची शेपटी फिरते. जिम्नीचा मूळचा 195चा अरुंद टायर बदलून रुंद घालण्याचा मोहही टाळावा; ताज्या बर्फात अरुंद टायर खाली रुततो आणि पकड घेतो.

रस्त्यावर वितळून पुन्हा गोठलेल्या पाण्याचा पारदर्शक थर असेल, तर यातले काहीच पुरेसे नाही. म्हणून जानेवारीत किन्नौरमार्गे काझाला निघालेल्यांनी, विशेषतः पहिल्यांदा जाणाऱ्यांनी, आपली गाडी सिमल्यात ठेवावी आणि टायरचे पैसे तिथल्या जाणत्या ड्रायव्हरच्या गाडीवर खर्च करावेत.