ओळखीचा बाजार

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यात जुनी आहे. तिच्यामागे मोंढ्यातील उलाढाल होती. पुढे बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांनी तिला नवा अर्थ दिला. या बाजारपेठेला मध्यस्थ कधीच परका नव्हता. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्यापर्यंत पोहोचविणारा अडत्या आपली अडत राजरोस घेत असे. माल डोळ्यांसमोर असे, वजन काट्यावर होई आणि अडत त्या सौद्यातूनच निघे. सौदा नाही, तर अडतही नाही, हा मोंढ्याचा साधा न्याय होता. अडत्यांविषयी तक्रारी पुष्कळ होत्या आणि आजही आहेत. परंतु ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची, त्याचे दुकान कोठे आहे, हे तक्रारदाराला निदान ठाऊक असे.

मध्यस्थीचा आज जो नवा धंदा तरुणांपुढे मांडला जात आहे, त्यात ना माल दिसतो, ना काटा, ना दुकान. दिसतो तो केवळ भ्रमणध्वनीचा पडदा आणि त्यावरील ‘घरबसल्या कमवा’ हे आमंत्रण. भोकरदन वा मंठ्याहून जिल्ह्याच्या गावी येऊन भरती परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, तासिका तत्त्वावर शिकविणारा प्राध्यापक, विनाअनुदानित शाळेतील शिक्षक, कंत्राटी लिपिक या सर्वांना हे आमंत्रण दिवसातून अनेकदा येते. ते कोठून येते आणि कोणाच्या लाभासाठी येते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

या धंद्याचे एक रूप प्रामाणिक आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. बँक, विमा कंपनी, शिकवणी वर्ग यांना संभाव्य ग्राहकांची नावे हवी असतात. व्यापारी परिभाषेत अशा नावाला ‘लीड’ म्हणतात आणि ते मिळवून देणाऱ्याला ‘ॲफिलिएट’. ग्राहकाने आपल्या संमतीने चौकशी केली, पुढे व्यवहार झाला आणि विक्रेत्याने आपल्या नफ्यातून मध्यस्थाला मोबदला दिला, तर त्यात गैर काही नाही. ती नव्या वेषातील अडतच होय. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली डिजिटल कर्जव्यवहारासाठी जे नियम केले, त्यांतही मध्यस्थाचे शुल्क कर्ज देणाऱ्या संस्थेनेच द्यावयाचे, ते कर्जदाराकडून घ्यावयाचे नाही, असे स्पष्ट केले आहे. मोबदला कोण देतो, या प्रश्नातच प्रामाणिक मध्यस्थी आणि फसवणूक यांतील सीमारेषा दडलेली आहे.

फसव्या जाळ्यात हा क्रम नेमका उलटा होतो. तेथे काम करणाऱ्याला पैसे मिळण्याआधी त्याच्याकडूनच पैसे घेतले जातात. त्याला कधी ‘नोंदणी शुल्क’, कधी ‘प्रशिक्षण शुल्क’, तर कधी ‘परत मिळणारी अनामत’ असे नाव दिले जाते. बदल्यात एखादा शिक्षणक्रम हाती पडतो. परंतु हाच शिक्षणक्रम दुसऱ्याला कसा विकावा, हेच त्या शिक्षणाचे सार असते. पुढचे काम म्हणजे नातलग, वर्गमित्र आणि गावकरी यांची नावे व क्रमांक पुरविणे. त्यांतील जे पैसे भरतात, त्यांच्या पैशातून आधीच्याला वाटा मिळतो. जे भरत नाहीत, त्यांचे क्रमांकही वाया जात नाहीत. अशा याद्यांना बाजारात गिऱ्हाईक असते. आज कर्जाचा, उद्या लॉटरीचा, परवा खोट्या पोलीस अधिकाऱ्याचा दूरध्वनी एखाद्या वृद्ध मावशीला येतो, तेव्हा तिचा क्रमांक त्या टोळीकडे कोणत्या वाटेने पोहोचला, हे घरातील कोणाच्याही ध्यानात येत नाही.

हा प्रकार नवा नाही. ‘स्पीक एशिया’ या कंपनीने २०१० च्या सुमारास बाजार-सर्वेक्षणाच्या नावाखाली देशभर सभासद गोळा केले. वर्षाला ११ हजार रुपये भरावयाचे, आठवड्याला दोन प्रश्नावल्या भरावयाच्या, प्रत्येकीचे ५०० रुपये घ्यावयाचे आणि नवे सभासद आणल्यास वेगळे कमिशन मिळवावयाचे, अशी ती योजना होती. ११ हजार भरून वर्षाला ५२ हजार मिळतात, तर हा पैसा देतो कोण, हा प्रश्न फारच थोड्यांनी विचारला. ज्या नामांकित कंपन्यांसाठी ही सर्वेक्षणे होत असल्याचे सांगितले जाई, त्यांपैकी काहींनी २०११ मध्ये असा संबंध नाकारला आणि डोलारा कोसळला. त्यानंतर तीनच वर्षांनी, २०१४ मध्ये, नाशिकच्या ‘केबीसी मल्टिट्रेड’चे प्रकरण उघडकीस आले. तिच्या साखळीत मराठवाड्यातील, विशेषतः परभणी जिल्ह्यातील, हजारो कुटुंबांची पुंजी अडकली. खुद्द जालना शहरात २०२३ च्या प्रारंभी आभासी चलनातील गुंतवणुकीवरून पोलिसांत तक्रारी दाखल झाल्या. त्यांतील दोषी कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु असे व्यवहार मुंबई-पुण्यापुरते उरलेले नाहीत, एवढा बोध त्यातून निश्चित होतो.

ताजा अवतार आहे तो ‘टास्क’चा. चित्रफितीला पसंती द्या, हॉटेलविषयी चांगला अभिप्राय लिहा, असे फुटकळ काम सांगून आरंभी शंभर-दोनशे रुपये खरोखरच खात्यावर जमा केले जातात. विश्वास बसला की पुढच्या कामासाठी आगाऊ रक्कम मागितली जाते आणि ती दर वेळी वाढत जाते. अशा संघटित फसवणुकीत गुंतलेली शंभराहून अधिक संकेतस्थळे केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली. परंतु संकेतस्थळ बंद करणे सोपे, तसे दुसरे काढणेही सोपे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, लुटीचा पैसा फिरविण्यासाठी विद्यार्थ्यांची बँक खाती ‘भाड्याने’ मागितली जातात. दोन-चार हजारांच्या मोहाने खाते वापरू देणाऱ्या मुलाला आपण गुन्ह्याच्या साखळीतील एक कडी झालो आहोत, हे पोलीस दारात आल्यावर समजते.

या साखळीचे गणित एकदा मांडून पाहण्याजोगे आहे. प्रत्येकाने केवळ पाच जण आणावयाचे, असे धरू. पहिल्या पायरीवर ५, दुसरीवर २५, तिसरीवर १२५. आकडे अजून निरुपद्रवी वाटतात. सहाव्या पायरीवर १५ हजार ६२५ माणसे लागतात, आठवीवर ३ लाख ९० हजार ६२५, आणि नवव्या पायरीवर १९ लाख ५३ हजार १२५. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची एकूण लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार होती. म्हणजे नववी पायरी भरण्यासाठी पाळण्यातल्या तान्ह्या मुलासह जवळजवळ अख्खा जिल्हा सभासद करावा लागेल, आणि दहाव्या पायरीसाठी तसे आणखी पाच जिल्हे! शिवाय साखळी कोणत्याही पायरीवर तुटली, तरी शंभरांपैकी ऐंशी माणसे त्या शेवटच्या पायरीवरच उभी असतात. त्यांनी पैसे भरलेले असतात; त्यांच्याखाली मात्र कोणीही नसते. थोडेसे सुदैवी आणि थोडेसे दुर्दैवी, असा हा मामला नाही. बहुसंख्यांचे नुकसान हेच या योजनेचे भांडवल आहे.

तरीही माणसे फसतात, ती गणित येत नाही म्हणून नव्हे. गणिताचे शिक्षकही यात फसले आहेत. फसविणारा कागद घेऊन येत नाही. तो ओळख घेऊन येतो. अनोळखी माणसाने मागितलेले पाच हजार रुपये कोणी देणार नाही. परंतु गुरुजींनी सांगितले, तलाठी कार्यालयातील भाऊसाहेबांनी स्वतः भरले आहेत, असे कळले की शेतकरी सोयाबीनच्या पट्टीतून तेवढे बाजूला काढतो. या जाळ्यांना शिक्षक आणि कारकून हवे असतात, ते त्यांच्या तुटपुंज्या पगारासाठी नव्हे. गावात त्यांच्या शब्दाला किंमत आहे आणि तीच किंमत हे लोक फुकटात वापरतात. पैसे बुडाले, तर कंपनीचा पत्ता कोणालाच ठाऊक नसतो; गुरुजींचे घर मात्र सर्वांना ठाऊक असते. आणि गुरुजी तरी तक्रार कोणत्या तोंडाने करणार? आपण स्वतः लुटले गेलो आणि आपल्याच हातून पंचवीस जण लुटले गेले, या दुहेरी ओझ्याखाली तोंडे मिटली जातात. याच मौनावर पुढची योजना उभी राहते.

कायद्याने याविषयी संदिग्धता ठेवलेली नाही. १९७८ च्या प्राइज चिट्स आणि पैसा-फिरवणूक योजना बंदी अधिनियमाने अशी योजना चालविणे निषिद्ध ठरविलेच. परंतु तिचा सभासद होणे आणि तिच्यापोटी पैसे घेणे वा पाठविणे यांनाही मनाई केली. ‘आम्ही केवळ सभासद होतो’ हा बचाव त्यामुळे तोकडा पडतो. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आहे, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्रीय कायदा आहे, आणि थेट विक्रीसंबंधीच्या २०२१ च्या नियमांनी पिरॅमिड पद्धतीच्या योजनांना पुन्हा एकदा मज्जाव केला आहे. शासकीय सेवकाला पूर्वपरवानगीवाचून खासगी व्यापार करता येत नाही, हेही १९७९ च्या वर्तणूक नियमांत आहे. उणीव कायद्याची नाही. उणीव आहे ती वेळेवर प्रश्न विचारण्याची.

ते प्रश्न कोणते, हे जालन्याला बाहेरून शिकण्याची गरज नाही. बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ती, शुद्धता आणि लॉट क्रमांक छापलेला असला पाहिजे, पावती मिळाली पाहिजे, विक्रेत्याजवळ परवाना असला पाहिजे, हे या जिल्ह्यातील अल्पभूधारक शेतकरीही जाणतो. पिशवीवरील मजकुराची शिस्त १९६६ च्या बियाणे कायद्याने घालून दिली. पाचशे-हजारांच्या पिशवीची जो इतकी पारख करतो, त्याने आपल्या नावाची आणि पुंजीची पारख करू नये काय? वस्तू वा सेवा कोणती, ती प्रत्यक्षात विकत घेणारा कोण, मोबदला त्या विक्रीतून येतो की नव्या सभासदाच्या शुल्कातून, कंपनीचा नोंदलेला पत्ता कोणता, आणि ज्यांचे क्रमांक मागितले जातात त्यांची संमती घेतली आहे काय? यांतील एकाही प्रश्नाचे लेखी उत्तर मिळत नसेल, तर ती पिशवी घरी आणू नये. काम मिळविण्यासाठी काम करणाऱ्यानेच पैसे भरावेत, असे जेथे सांगितले जाते, तेथे तर पुढचे प्रश्न विचारण्याचेही कारण नाही.

रोजगार नाही, मग तरुणांनी करावे तरी काय, असा प्रतिप्रश्न यावर केला जाईल. तो रास्त आहे. रिक्त पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत आणि परीक्षांच्या तारखा पुढे ढकलल्या जातात, तोवर अशा आमंत्रणांना कान देणारे भेटतच राहणार. ही जबाबदारी शासनाला टाळता येणार नाही. परंतु भुकेलेल्याने विषारी अन्न खावे, असे त्यातून सिद्ध होत नाही.

जे फसले आहेत, त्यांनी लाज बाजूला ठेवून तत्काळ १९३० या क्रमांकावर कळविणे, हे पहिले कर्तव्य होय. लवकर कळविल्यास रक्कम वाटेतच गोठविता येण्याची शक्यता असते. प्रत्येक तासाचा विलंब चोराच्या पथ्यावर पडतो. शिक्षकांच्या संघटनांनी आणि पतसंस्थांनी आपल्या सभांतून या योजनांची नावे घेऊन बोलावे. महाविद्यालयांनी आपल्या आवारात त्यांची ‘मार्गदर्शन शिबिरे’ भरू देऊ नयेत. आणि शाळांना तर यासाठी कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. पाचाला पाचाने आठ वेळा गुणत जाण्यास फळ्यावर पाच मिनिटेही लागत नाहीत. उत्तर आले की त्याशेजारी आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या लिहावी. पुढचे मुलांना सांगावे लागणार नाही. आणि संध्याकाळी घरी जाऊन ती आपल्या वडिलांना काय विचारावयाचे, ते विचारतील.