दहा दिवसांचे मिशनरी

जून महिना उजाडला की अमेरिकेतल्या विमानतळांवर एक ठरावीक दृश्य दिसू लागते. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली पंधरा-वीस मंडळी रांगेत उभी असतात. निम्मी कॉलेजातली मुले, दोन-चार निवृत्त गृहस्थ, एक पास्टर, आणि सोबत रंगीत खडू, बाहुल्या, फुगे, जुने कपडे, जंतांच्या गोळ्या यांनी ठासून भरलेल्या बॅगा. टी-शर्टच्या पाठीवर चर्चचे नाव, त्याखाली 'होंडुरास' किंवा 'हैती' आणि साल. ही मंडळी 'मिशन'वर निघालेली असतात. मुदत सात ते चौदा दिवस. त्यातच जाण्यायेण्याचा प्रवास, आणि पुष्कळदा शेवटचा एक दिवस समुद्रकिनाऱ्यासाठी राखलेला!

हा दोन-चार चर्चचा हौशी उद्योग आहे असे कुणी समजू नये. प्रिन्स्टन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांनी २००५ सालच्या पाहणीवरून काढलेला अंदाज असा, की अमेरिकी चर्चचे सुमारे सोळा लाख सभासद दरवर्षी अशा परदेशवाऱ्या करतात. सोळा लाख म्हणजे आपल्या गोव्याची लोकसंख्या, जवळजवळ सगळीच्या सगळी. एवढी माणसे दर साल उठून दहा दिवसांसाठी परक्या देशात जातात आणि मिशनरी होऊन परत येतात.

मिशनरी हा शब्द गोवेकराला समजावून सांगावा लागत नाही. १५४२ साली फ्रान्सिस झेवियर इथे उतरले, १५६० साली इन्क्विझिशन आले आणि मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत ठाण मांडून बसले. आपल्या पूर्वजांनी रातोरात देव उचलून नदीपार नेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला तो त्याच १५६० साली. ही आठवण आपल्या रक्तात आहे, त्यामुळे वरचे वर्णन वाचून काही वाचकांना वाटेल, चला, आज धर्मांतराच्या नावाने खडे फोडायचे आहेत. त्यांची मी निराशा करणार आहे. या दहा दिवसांच्या मिशनरींवर माझा राग आहे तो ते धर्म सांगतात म्हणून नाही. आपला धर्म दुसऱ्याला सांगावासा वाटणे हा गुन्हा नव्हे. राग आहे तो त्यांनी मिशनरी हा शब्द इतका स्वस्त केला म्हणून.

स्वस्त म्हणजे काय, ते कळायला आपल्याच मातीतली दोन माणसे पुरेत.

पहिले फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली इथेच वारला. मधली चाळीस वर्षे तो साष्टीतल्या लोकांत राहिला, त्यांची बोली शिकला, कोकणीचे व्याकरण लिहिले, आणि १६१६ साली राशोलला छापलेले ख्रिस्तपुराण लिहिले ते मराठीत, ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्या! त्याचा हेतू आपल्याला पटो न पटो. पण ज्ञानेश्वरांची ओवी हाती धरल्याशिवाय या लोकांशी बोलता येणार नाही हे ज्याला कळले, त्याने निदान या लोकांना ऐकले होते. (त्याच्यानंतर पुरते शतकही लोटले नाही तोच १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांच्या भाषेवर बंदीचा हुकूम काढला. पाद्री आणि सरकार यांत फरक करायला हवा तो इथे.)

दुसरे तर आपलेच. बाणावलीला जन्मलेले, सांकवाळच्या घराण्यातले फादर जोसेफ वाझ. गोव्याने समुद्रापार पाठवलेला हा मिशनरी. डच सत्तेने सिलोनात कॅथलिक पाद्रींना मज्जाव केला होता. तिथल्या कॅथलिकांना वर्षानुवर्षे पाद्री दिसला नव्हता. वाझ १६८७ साली मजुराच्या वेषात, अनवाणी, जाफन्याला पोचले. पकडले गेले असते तर सोडवायला कोणता वकील येणार होता? तमीळ शिकले, सिंहली शिकले. १६९२ साली कँडीच्या राजाने पोर्तुगीजांचा हेर समजून तुरुंगात टाकले. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली, माणसे आपल्या आजाऱ्यांना रानात टाकून पळाली, तेव्हा हा गोवेकर त्यांची शुश्रूषा करीत मागे राहिला. १७११ साली कँडीतच देह ठेवला. पुन्हा बाणावली पाहिली नाही. २०१५ साली पोपनी कोलंबोत त्यांना संत घोषित केले तेव्हा गोव्यात इगर्जींच्या घंटा वाजल्या. मी हिंदू, पण ती बातमी वाचून मलाही बरे वाटले.

आता या दोघांशेजारी तो एकरंगी टी-शर्ट उभा करा.

त्याला स्पॅनिश येत नाही. हैतीत गेला तर क्रेओल येत नाही. म्हणून तर सोबत बाहुल्या! भाषा येत नसली की मूकनाट्य करायचे, मुलांच्या तोंडाला रंग लावायचे, फुगे वाटायचे, आणि नाट्य संपल्यावर दुभाष्यामार्फत विचारायचे, कुणाकुणाला येशू हवा? खाऊच्या आशेने बसलेली मुले हात वर करतात. ते हात मोजले जातात आणि तो आकडा घरच्या चर्चला कळवला जातो. पुढल्या आठवड्यात दुसऱ्या चर्चची टीम येते, तीच मुले, तेच हात. स्टीफन्सला एक ओवी जुळवायला जेवढा वेळ लागला असेल तेवढ्यात इथे गावेच्या गावे तरतात.

या प्रवाशांचे परतल्यावरचे एक वाक्य ठरलेले असते. त्यांच्याजवळ काहीच नाही, तरी ती माणसे किती आनंदी आहेत! हे वाक्य मला फार चीड आणते. अहो, ज्याची भाषा तुम्हाला येत नाही तो माणूस तुमच्याकडे बघून हसण्याखेरीज दुसरे काय करणार? तुमच्या-आमच्या दारात अनोळखी पाहुणा आला तर आपणही हसूनच या, बसा म्हणतो. सावकाराचा हप्ता, मुलीचा न उतरणारा ताप, उसाच्या मळ्यात बुडालेली मजुरी हे सारे सांगायला भाषा लागते, आणि ऐकायला दहा दिवसांहून जास्त वेळ लागतो. हसू तेवढे बिनभाषेचे दिसते. मग तेच फोटोत येते.

बरे, भाषा नाही तर नाही, हातांनी काम तरी करतात ना? घर बांधतात, शाळा रंगवतात? याचाही हिशेब झाला आहे, आणि तो कुणा चर्चद्वेष्ट्याने केलेला नाही. १९९८ च्या ऑक्टोबरात 'मिच' नावाच्या चक्रीवादळाने होंडुरास उद्ध्वस्त केला. हजारो माणसे मेली, गावे चिखलाखाली गेली. मग अमेरिकेतून चर्चच्या टीमा घरे बांधायला येऊ लागल्या. कर्ट व्हर बीक हा ख्रिस्ती समाजशास्त्रज्ञ, मिशिगनच्या कॅल्विन कॉलेजचा प्राध्यापक, होंडुरासमध्येच राहणारा. त्याने या कामाचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष छापले. परदेशी टीमने बांधलेले एक घर विमानभाड्यासकट सरासरी तीस हजार डॉलरना पडत होते. तसेच घर होंडुरासमधल्या स्थानिक ख्रिस्ती संस्था दोन हजार डॉलरना बांधत होत्या. एका घराच्या पैशात पंधरा घरे!

आणि ती पंधरा घरे बांधणाऱ्या गवंड्याला मजुरी मिळाली असती. वादळाने त्याचेही घर गेलेले, काम गेलेले. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहतो, की आयुष्यात थापी हातात न धरलेली अठरा वर्षांची पोरे विटांवर विटा रचताहेत आणि मधून मधून फोटो काढताहेत. त्याला काय वाटत असेल? परदेशी टीमच्या घरात राहणारे आणि स्थानिक संस्थेच्या घरात राहणारे यांच्यात व्हर बीकला काही फरक आढळला नाही. श्रद्धेत नाही, समाधानात नाही. पाहुण्यांशी लोक प्रेमानेच वागले होते. पण विचारल्यावर अनेकांनी साधा व्यवहार सांगितला, की तेच पैसे पाठवले असते तर आणखी घरे झाली असती.

२००८ साली वॉशिंग्टन पोस्टने याच विषयावर बातमी दिली होती. तीत मेक्सिकोतल्या एका चर्चचा उल्लेख होता. एकाच उन्हाळ्यात सहा वेगवेगळ्या टीमांनी ते सहा वेळा रंगवले. वाचून हसू येते, पण पहिल्या रंगाच्या वेळी नको म्हणण्याची सोय त्या पास्टरला नव्हती तशी सहाव्या वेळीही नव्हती हे लक्षात घ्या. टीम परत गेल्यावर वर्षभर जी काय मदत येणार ती या रंगाऱ्यांच्या मर्जीवर. यजमान म्हणवणाऱ्या माणसाला पाहुण्याला नाही म्हणता येत नसेल तर त्याला यजमान तरी कसे म्हणायचे?

इथे या वाऱ्यांच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो, आणि तो प्रामाणिकपणे मांडणारे लोक मला ठाऊक आहेत. ते म्हणतात, तिथल्या लोकांचे भले थोडे होत असेल, पण जाणारा बदलतो. त्याचे डोळे उघडतात, तो पुढे जन्मभर दान करतो, कधी कधी कायमचा मिशनरी होतो. असे काही निघतात, नाही असे नाही. शिवाय शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आठ दिवसांसाठी गेला तर त्याचे कौशल्य खरे असते, त्याला मी या हिशेबात धरत नाही. पण व्हर बीकने घरे बांधून परतलेल्यांनाही विचारले होते. आपले दान वाढले असे सांगणारे पुष्कळ निघाले, मात्र संस्थेच्या वह्यांत त्याचा फारसा मागमूस दिसला नाही. आणि समजा, बदलला जाणारा. तर मग वादळात बुडालेले गाव हे त्याच्या मनाच्या मशागतीचे शेत झाले. दुसऱ्याच्या दारिद्र्याचा असा अभ्यासवर्ग भरवण्याची परवानगी कुणी दिली? होंडुरासमध्ये शिरायला अमेरिकनाला व्हिसा लागत नाही. होंडुरासच्या गवंड्याने दहा दिवस अमेरिकेत जाऊन तिथल्या लोकांचे एकाकीपण पाहून बदलून यायचे ठरवले, तर त्याला मुलाखतीच्या खिडकीवरूनच परत पाठवतील. पोर्तुगीज पासपोर्टसाठी कागद गोळा करत फिरणाऱ्या गोवेकराला खिडकी म्हणजे काय ते सांगायला नको.

हे सगळे १९६८ सालीच एका कॅथलिक पाद्रीने सांगून ठेवले आहे. इव्हान इलिच त्याचे नाव. मेक्सिकोत कुएर्नावाका इथे त्याचे केंद्र होते, तिथे परदेशी मिशनरींना स्पॅनिश शिकवत. मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांनी त्याला भाषणाला बोलावले आणि त्याने त्यांच्या तोंडावर सांगितले, की जाऊ नका. ज्या लोकांपुढे तुम्ही मुके-बहिरे आहात त्यांच्यावर स्वतःला लादू नका. सेवाच करायची तर आपल्या देशातल्या गरिबांत करा, तिथे निदान माणसे तुम्हाला तुमच्या भाषेत चालते व्हा म्हणून सांगू शकतील. मेक्सिकोत या ते बघायला या, शिकायला या, डोंगर चढायला या, मदत करायला येऊ नका. त्या भाषणाचा पुढे बोलबाला झाला, ते आजही वाचले जाते. वाचून विमानात बसणारेही आहेत.

सदिच्छा कुठवर जाते पाहायचे असेल तर २०१० चे हैती पाहावे. १२ जानेवारीला भूकंप झाला. महिनाअखेरीस आयडाहो राज्यातून आलेल्या दहा बाप्टिस्टांच्या टीमला सरहद्दीवर अटक झाली. त्यांच्या बसमध्ये तेहतीस मुले होती, कागदपत्रे नव्हती. अनाथ मुलांना शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये नेऊन वाढवायचे असा त्यांचा बेत. चौकशीत कळले, की बहुतेक मुलांचे आईबाप हयात आहेत. शाळा मिळेल, खेळायला मैदान मिळेल या भरवशावर त्यांनी आपल्या हातांनी पोरे बसमध्ये चढवली होती. काही महिन्यांत सगळे सुटले आणि घरी गेले. ती दुष्ट माणसे होती असे मला वाटत नाही. त्यांना फक्त खात्री होती, आणि ज्याला दहा दिवसांत परतायचे असते त्याची खात्री चौकशीला थांबत नाही.

आपण हिंदूंनी यावर हसायचे कारण नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या रस्त्यांवर जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. कोळ्यांनी ते अंगाला लावले नाहीत. ते कपडे देशभरातून आपल्यासारख्यांनीच पाठवले होते. वाढदिवसाला इस्पितळात जाऊन रुग्णाच्या हातात केळे देतानाचा फोटो वर्तमानपत्रात येतो, तोही याच जातीचा. फरक विमानभाड्याचा.

शेवटी थोडे कामाचे बोलू. आपली मुले-सुना अमेरिकेत आहेत. त्यांना दर वसंतात ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून, शेजाऱ्याच्या मुलीकडून एक पत्र येते. मी मिशन ट्रिपला चालले आहे, दोन हजार डॉलर जमवायचे आहेत, जमेल तेवढे द्या. संकोचाने आपली मुले पन्नास-शंभर देऊन मोकळी होतात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की त्या मुलीला चहाला बोलवा आणि विचारा, बाई, स्पॅनिश येते का? मग कागदावर हिशेब मांडून दाखवा. तिच्या एकटीच्या तिकिटाला आणि खाण्या-राहण्याला जे दोन हजार लागणार आहेत, तेवढ्यात व्हर बीकच्या हिशेबाने होंडुरासमध्ये एक अख्खे घर उभे राहत होते, गवंड्याच्या मजुरीसकट.