पदार्थ म्हणजे पुरणपोळी?



मागे एका आजींचा फोन आला. नात सैन्यातून सुटली, आता युनिव्हर्सिटीत जायचे म्हणते. पण केमिस्ट्री घ्यावी का मटेरियल्स सायन्स, ठरत नाही. आजी म्हणाल्या, "मटेरियल म्हणजे पदार्थच ना? मग पुरणपोळी माझ्याकडेच शिकू दे की!" आम्ही पोटभर हसलो. पण नातीची काळजी खरी आहे. शाखा चुकली तर तीन-चार वर्षे वाया जातील, ही भीती घरोघरी असते.

हातिमताईच्या गोष्टी आपण लहानपणी ऐकल्या. तो दानशूर हातिम ज्या मुलखातला, ते हाइल सौदी अरेबियात आहे. तिकडे नफूदच्या वाळवंटात जुब्बा गाव आहे. एके काळी तिथे गोड्या पाण्याचे तळे होते! जवळच्या डोंगरावर माणसांनी हजारो वर्षांपूर्वी चित्रे कोरली. 2015 साली युनेस्कोने ती जागतिक वारशात घेतली.

मुलांनो, ही चित्रे रंगाची नाहीत बरं का. वाळवंटात उघड्या खडकावर फार सावकाश एक काळपट पापुद्रा चढतो. माती, लोह आणि मँगनीज यांचा, कागदासारखा पातळ. तो टोचून काढला की खालचा फिका दगड दिसतो. झाले चित्र!

आता बघा. पापुद्र्यात मँगनीज कुठून आले, ऑक्सिजनशी त्याचा संयोग कसा झाला, हे विचारतो तो केमिस्ट. थर कसे बसले, किती टणक आहेत, कशाने सुटतात, हे विचारतो तो मटेरियलवाला. दगड एकच, प्रश्न दोन.

मँगनीज आपल्याला नवे नाही. नागपूर-भंडाऱ्याकडे त्याच्या खाणी आहेत. टॉर्चचा जुना सेल फोडून हात काळे केले आणि आईचा मार खाल्ला, आठवते? त्या काळ्या पुडीत मँगनीजच होते.

आपल्या हैफाच्या टेक्नियॉनचे डॅन शेख्तमन 1982 साली अमेरिकेत होते. अॅल्युमिनियम-मँगनीजच्या मिश्रधातूत त्यांना अणूंची अशी मांडणी दिसली, जी पुस्तकाप्रमाणे अशक्य होती. लोक हसले, त्यांना गटातून जायला सांगितले. ते हटले नाहीत. 2011 साली त्यांना नोबेल मिळाले, तेही केमिस्ट्रीचे! माणूस मटेरियलवाला, आणि पहिली पदवी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची.

तेव्हा आजीबाई, घाबरू नका. पहिली पदवी म्हणजे काही जन्माची गाठ नव्हे. दोन्हीकडे सुरुवातीला गणित, फिजिक्स, केमिस्ट्री करावेच लागते. "हे कशाचे बनले?" असे नातीला आधी सुचते, की "हे मोडते का?" हे तिलाच विचारा.

आणि पुरणपोळी शिकवाच. डाळ शिजते, गूळ पाकावतो, ती केमिस्ट्री. लाटताना पोळी फुटत नाही, ते मटेरियल्स सायन्स!