अन्नप्राशन की उदकप्राशन?

आपल्या मराठी घरांत एक लबाडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती करणारी माणसे सगळी प्रेमळ असतात, म्हणून तिला कोणी लबाडी म्हणत नाही. ही लबाडी म्हणजे वरणाचे पाणी.

बाळाला सहावा महिना संपतो. थाटाने उष्टावण होते. मामा सोन्याच्या अंगठीने खीर चाटवतो, पाटाभोवती रांगोळी निघते, फोटो निघतात, चार पंक्ती उठतात. आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाच्या चांदीच्या वाटीत काय येते? शिजल्या डाळीवर तरंगणारी निवळ! डाळ खाली बसते, ती थोरांच्या पानात जाते. वरचे पाणी धाकट्याला. वर आपण कौतुकाने सांगतो, ‘आमचा बाळ आता वरण घेऊ लागला हो!’

मी स्वतः आजी आहे, आणि त्याआधी अठ्ठावीस वर्षे एका लहान गावच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. बाळांच्या वजनाचा काटा माझ्या ताब्यात असे. आईच्या दुधावर टपोरे झालेले मूल सातव्या-आठव्या महिन्यात त्या काट्यावर एकाएकी अडून बसायचे. ‘काय भरवतेस ग?’ असे विचारावे, तर उत्तर ठरलेले: ‘सगळं देते की सिस्टर! वरणाचं पाणी, भाताची पेज, डाळिंबाचा रस.’ या तिन्हींत मिळून दातांनी सोडाच, हिरड्यांनी चघळण्याजोगा एक कण नाही! ही बाई कंजूष नव्हती, आळशी तर नव्हतीच. तिला घरातल्या शहाण्यासुरत्या बायकांनी तसे शिकवले होते. माझे भांडण आहे ते या शहाण्यासुरत्यांशी, म्हणजे माझ्याच वयाच्या बायकांशी.

त्या म्हणतात, ‘ही आपली जुनी रीत आहे.’ मी म्हणते, साफ खोटे! आपल्या जुन्या लोकांनी या संस्काराला अन्नप्राशन म्हटले, उदकप्राशन नव्हे. आश्वलायन गृह्यसूत्रात तो सहाव्या महिन्यात करावा असे सांगितले आहे, आणि त्या वेळी बाळाला द्यायच्या पदार्थांत तूप-भात आहे, इतकेच काय, शेळीचे आणि तित्तिर पक्ष्याचे मांसही आहे. निवळ कुठेच नाही. (त्यात मधही आहे, पण वर्षाच्या आतल्या मुलाला मधातून जिवावरचा आजार होऊ शकतो हे आता ठाऊक झाले आहे, तेव्हा तेवढा मध वगळावा.) सूत्रे राहू द्या, आपली रोजची भाषाच पाहा. दूध आपण पाजतो, पण घास भरवतो. चिऊचा घास, काऊचा घास म्हणतो. चिऊचा घोट कोणी म्हटलेला ऐकला आहे का? भाषेला जे कळले ते आपल्या पळीला कळू नये, ही गंमत नव्हे.

आता थोडा हिशेब मांडू. घरखर्चाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या आपण बायका, तेव्हा याही हिशेबाला भिऊ नये. सहा महिन्यांनंतर आईचे दूध थांबवायचे नाही, पण ते एकटे पुरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज दिवसाला सुमारे २०० कॅलरी अन्नातून मिळाव्या लागतात, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला सुमारे ३००, आणि पहिल्या वाढदिवसानंतर सुमारे ५५०. जन्मतः अंगात साठलेले लोहही सहाव्या महिन्याच्या सुमारास सरत येते. आणि हे सगळे मावायचे कोठे? बाळाच्या पोटात, जे वजनाच्या दर किलोला ३० ग्रॅम धरले तर सात किलोच्या मुलाचे जेमतेम वाटीभर भरते. आईच्या शंभर मिलिलिटर दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात. त्यापुढे निवळ म्हणजे निव्वळ पाणी. त्या पाण्याने वाटीएवढे पोट भरले की बाळ तृप्त दिसते, दूधही कमी पिते. म्हणजे अन्न तर मिळाले नाहीच, हातचे दूधही गेले! उलट मऊ भातावर चमचाभर साजूक तूप घातले, तर त्या एका चमच्यातच सुमारे ४५ कॅलरी आल्या.

‘पण दात नाहीत ना अजून!’ दात नसतील, हिरड्या आहेत. चमच्याने कुस्करलेला वरणभात हिरड्यांना सहज पेलतो. ‘घशात अडकेल!’ अडकतात ते अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षे. ते देऊच नयेत. कुस्करलेला घास बाळाने जिभेने बाहेर ढकलला, तर त्याचा अर्थ त्याला अन्न नको असा नाही. ते खायला शिकते आहे. आपण चालायला शिकणाऱ्याला पडला म्हणून कायमचे पाळण्यात ठेवतो काय? ‘पचणार नाही!’ सहा महिन्यांच्या बाळाला मऊ शिजलेली मुगाची डाळ आणि तांदूळ पचतात. आणि शेवटी येते ते ब्रह्मास्त्र: ‘आमची पोरे यावरच वाढली!’ बाईसाहेब, जी वाढली ती आज सांगायला आहेत. जी खुरटली, जी पहिल्या गोवराच्या साथीत गेली, ती तुमच्या बाजूने साक्ष द्यायला येणार नाहीत.

कोणी म्हणेल, हा गरिबांचा प्रश्न, दिवाळी अंक वाचणाऱ्या घरांचा नव्हे. ज्या घरात डाळच नाही तेथे दोष पळीचा नाही, आणि त्या माउलीला उपदेश करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. सहा ते तेवीस महिन्यांच्या १०० मुलांपैकी पुरेसा आहार मिळतो तो केवळ ११ मुलांना. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या १०० पैकी ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी. आणि देशातल्या सर्वांत सधन पंचमांश घरांतही पाच वर्षांखालची १०० पैकी २३ मुले वयाच्या मानाने खुजी! या घरांत काय डाळीचा दुष्काळ आहे? तेथे फ्रीज आहे, मिक्सर आहे, दिवाळीला पाच प्रकारचे लाडू आहेत. मूल पाण्यावर वाढत असेल, तर ते आपल्या समजुतीमुळे.

हीच समजूत नाचणीच्याही मुळावर उठली आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तांदूळ-गहू त्याच्या जवळपासही नाहीत. पण ते बरेचसे असते दाण्याच्या सालीत. आपण काय करतो? नाचणी भिजवून वाटतो, फडक्यातून गाळतो, चोथा फेकतो, आणि खाली बसलेल्या पांढऱ्या साक्याला ‘सत्त्व’ म्हणतो. त्यापेक्षा नाचणीला मोड आणावे, वाळवावी, भाजावी आणि सबंध दळून बारीक चाळणीने चाळावी. मोड आलेल्या धान्याची खीर शिजताना आपोआप सैल होते. पातळ करायला पाणी ओतावे लागत नाही. हे ज्ञान आपल्या घरात असताना आपण पाणी ओततो!

आणि या पाण्यातूनच बाजारचा डबा घरात शिरतो. निवळीवर वजन वाढत नाही, आई घाबरते, डबा आणते. डब्यातले दाट असते, वजन थोडे वाढते, आणि निष्कर्ष निघतो की घरचे अन्न निकामी. अहो, घरचे अन्न तुम्ही दिलेच कुठे? दोन वर्षांखालच्या मुलांच्या अशा आहाराची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे बंदी आहे. पण ज्याची जाहिरात आपल्या वरणाचे पाणीच करते, त्याला दुसरी जाहिरात कशाला हवी? अशा डब्यांतून आपल्याकडच्या बाळांना साखर चारली जाते आणि युरोपातल्या बाळांच्या डब्यात ती नसते, हे २०२४ साली एका स्विस संस्थेने उघड केले, तेव्हा आपण दोन दिवस संतापलो. तो संताप रास्त होता. पण तो स्वयंपाकघरापर्यंत पोचला नाही.

सुनांना बोल लावू नये. २०१७ पासून नोकरदार आईला पहिल्या दोन बाळंतपणांत २६ आठवड्यांची रजा मिळते. २६ आठवडे म्हणजे सहा महिने! अन्न सुरू करायची वेळ आणि आईने कामावर रुजू व्हायची वेळ नेमकी एकच. म्हणजे बाळाचा पहिला वर्षभराचा घास पुष्कळ घरांत आजी-आजोबांच्या, नाहीतर पाळणाघराच्या हाती असतो. तेव्हा जबाबदारीही त्यांचीच. आणि आजोबांनी वर्तमानपत्राआडून हे ऐकून न ऐकल्यासारखे करू नये. चमचा धरायला मिशा आड येत नाहीत.

करायचे तरी काय मोठे आहे? वेगळी चूल नको, वेगळे भांडे नको. घरच्यांसाठी शिजवलेल्या वरणभातातून मीठ, तिखट, फोडणी पडण्यापूर्वी बाळाचा वाटा काढावा. लाल भोपळा, बटाटा, गाजर, जे असेल ते त्यातच कुस्करावे. ज्या घरात अंडे-मासळी चालते तेथे तेही नीट शिजवून, काटे काढून द्यावे; बाळासाठी सोवळे पाळू नये. वर्षापर्यंत वरून मीठ नको, साखर नको. मिक्सरमधून गुळगुळीत करू नये. आधी दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. मग वाटी हळूहळू वाढू द्यावी. दाटपणा किती? चमचा कलता केला तर घास ओघळून पडू नये, इतका.

या दिवाळीत ज्या घरात मांडीवरचे बाळ आहे, त्या घरच्या आजीबाईंना माझे एवढेच आव्हान आहे. बाळाच्या ओठांना लाडवाचा पाक लावू नका, कौतुकाची निवळ वाढू नका. पळी वरवर फिरवू नका. ती तळापर्यंत घाला. डाळ तेथे आहे, आणि तिच्यावर पहिला हक्क घरातल्या सर्वांत लहान माणसाचा आहे.