चित्रकादंबरी : पोरकट करमणूक की वाङ्मय?

महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीचे काम तसे नीरस असते. वर्षाकाठी मंजूर होणारी रक्कम तुटपुंजी आणि निरनिराळ्या विभागांच्या मागण्या मोठ्या. त्यामुळे पुस्तकांची निवड करणे हे समितीच्या सभासदाचे कर्तव्य मागे पडते आणि मागणीपत्रकातील नावे खोडणे एवढेच त्याच्या हाती उरते. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून हे काम आपल्याला चांगले जमते, असा माझा समज होता. दोन वर्षांपूर्वी कला शाखेच्या द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीने सुचविलेल्या तीन पुस्तकांवर मी याच आत्मविश्वासाने तांबड्या शाईची रेघ ओढली आणि समासात शेरा लिहिला : ‘चित्रांची पुस्तके. आवश्यकता नाही.’

तो शेरा चुकीचा होता, हे येथे कबूल करावयाचे आहे. ही चूक माझ्या एकट्याची असती, तर तिच्यासाठी वृत्तपत्राची जागा अडविण्याचे कारण नव्हते. परंतु शिक्षण घेतलेल्या, वाचनाचा अभिमान बाळगणाऱ्या पुष्कळ मंडळींच्या मनात तोच शेरा आधीच लिहिलेला असतो, असे मला दिसते. म्हणून त्याचा विचार जाहीरपणे होणे इष्ट.

ती विद्यार्थिनी चार दिवसांनी अध्यापक कक्षात आली. तक्रार करण्याचा तिचा हेतू नव्हता. स्वतःजवळची एक प्रत टेबलावर ठेवून ती एवढेच म्हणाली, “सर, एकदा चाळून पाहा. मग हवे तर पुन्हा खोडा.” पुस्तकाचे नाव ‘भीमायन’. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या इंग्रजी पुस्तकाची संहिता श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांची, आणि चित्रे परधान गोंड परंपरेतील दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या दांपत्याची. संकोचापोटी मी ते घरी नेले आणि त्या रात्री एका बैठकीत वाचून संपविले.

मसूरची गाडी

पुस्तकातील एक प्रसंग मला ठाऊक होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात तो सांगितला आहे. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून काही मुले आगगाडीने निघतात. वडील गोरेगावला नोकरीस असतात; त्यांना भेटावयाचे असते. मसूर स्थानकावर मुले उतरतात, पण न्यावयास कोणी आलेले नसते. चांगल्या कपड्यांतील या मुलांची जात कळताच स्थानकप्रमुखाचा चेहरा पालटतो. स्थानकाबाहेर बैलगाड्या उभ्या असतात, मुलांजवळ पैसे असतात. तरी एकही गाडीवान तयार होत नाही. अखेर एकजण दुप्पट भाड्यावर कबूल होतो, तेही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे, या अटीवर. वाटेत रात्री जवळ खायला असते, पण प्यायला पाणी मिळत नाही.

मागणी आहे, पुरवठा आहे, दुप्पट किंमत मोजण्याची तयारी आहे. आणि तरीही व्यवहार होत नाही. बाजारपेठ जात पाहत नाही, या भाबड्या समजुतीला उत्तर म्हणून हे उदाहरण मी वर्गात अनेकदा दिले आहे. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, मीही फळा पुसून बाहेर पडतो.

‘भीमायन’च्या पानांवर मात्र तो प्रसंग मला पुसता आला नाही. या पुस्तकात नेहमीच्या सरळ चौकटी नाहीत. गोंड घरांच्या भिंतींवर काढल्या जाणाऱ्या ‘डिग्ना’ नामक नक्षीच्या वळणांनी पानाचे भाग पाडले आहेत. पात्रांना चौकटीत कोंडावयाचे नाही, अशी चित्रकारांची भूमिका होती. माणसांच्या तोंडचे शब्द ज्या फुग्यांत लिहावयाचे, ते फुगेही येथे बोलतात. मायेने बोललेले शब्द पक्ष्याच्या आकारात येतात. ज्या शब्दांनी माणूस तुडविला जातो, त्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. मनातल्या विचाराला डोळा काढलेला असतो. मी वर्षानुवर्षे ‘सामाजिक बहिष्कार’ हा शब्द वापरत आलो होतो. त्याला नांगी असते, हे मला त्या रात्री प्रथमच दिसले.

अढी कोठून आली?

मग प्रश्न उरला तो माझ्या अढीचा. ऐंशीच्या दशकात जन्मलेल्या आमच्या पिढीचे बालपण चित्रांवरच पोसले गेले. ‘चांदोबा’ घरी येई. ‘अमर चित्र कथा’ उसन्या मिळत. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९९० मध्ये बंद पडले, तरी वेताळाचे जुने अंक रद्दीच्या दुकानात वजनावर मिळत आणि आम्ही ते दप्तरात लपवून नेत असू. पकडले गेल्यावर मिळणारा उपदेश ठरलेला असे : ‘चित्रे पाहण्याचे वय सरले, आता पुस्तके वाचा.’ चित्र ही पहिली पायरी आणि शब्द ही वरची, ही शिडी आमच्या मनात तेव्हाच उभी राहिली. वर चढलेला माणूस खाली उतरण्यास लाजतो, त्यातलाच हा प्रकार.

ही अढी केवळ आपलीच आहे, असे नाही. अमेरिकेत १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात, असे सांगणारे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या आणि भेदरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर कडक नियमावली लादून घेतली. तिच्या जाचामुळे प्रौढांसाठी गंभीर चित्रकथा काढणे तेथे दीर्घकाळ अवघड झाले. पुढे २०१२ मध्ये कॅरोल टिली या अभ्यासिकेने वर्थम यांची मूळ टिपणे तपासली, तेव्हा त्यांनी पुराव्यात सोयीस्कर फेरफार केल्याचे उघडकीस आले. तोवर अर्धे शतक उलटून गेले होते.

आपल्याकडे तर या अढीला काहीच आधार नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर कलावंत चित्रकथीची परंपरा जपत आले आहेत. चित्रांच्या सुट्या पानांच्या पोथ्या समोर ठेवून, एकेक चित्र दाखवीत, वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगावयाची, ही तिची रीत. तिच्यापुढे बसणारा श्रोतृवर्ग म्हणजे सगळा गाव असे; केवळ मुलांसाठी ती कला कधीच नव्हती. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. चित्रकथीचा गौरव करावयाचा आणि चित्रकादंबरीला पोरकट म्हणावयाचे, ही विसंगती आपल्या लक्षातही येत नाही.

माझ्या विषयापुरते बोलावयाचे, तर अर्थशास्त्राने चित्रांची हेटाळणी करणे ही कृतघ्नताच ठरेल. केने यांनी १७५८ मध्ये राष्ट्राचा आर्थिक व्यवहार एका तक्त्यात रेखाटला. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये व्यापाराचे आकडे आलेखांत मांडले. ऑटो न्यूराथ यांनी व्हिएन्नात कामगारांना आकडेवारी समजावी म्हणून चित्रचिन्हांची एक भाषाच घडविली. मार्शल यांनी मात्र १८९० च्या आपल्या ग्रंथात आकृत्या तळटीपांमध्ये ढकलल्या. आज मागणी-पुरवठ्याच्या त्या वक्ररेषांशिवाय एकाही अध्यापकाचा तास पार पडत नाही. खडूने रोज चित्रे काढणाऱ्या माणसाने ‘चित्रांची पुस्तके’ असा शेरा मारावा, यातील विनोद माझ्या ध्यानी उशिरा आला.

कोऱ्या पट्टीतील वाचक

त्यानंतर मी हाती लागतील तशी ही पुस्तके वाचू लागलो. आर्ट स्पीगेलमन यांचे ‘माऊस’ १९८० ते १९९१ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाले. ऑश्विट्झच्या छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची हकिगत मुलगा लिहून घेत आहे, अशी त्याची रचना. ज्यू उंदरांच्या रूपात, जर्मन मांजरांच्या रूपात. ऐकताना हे कृत्रिम वाटते. वाचताना मात्र मुखवट्यामागची माणसे अधिकच ओळखीची होत जातात. १९९२ मध्ये या पुस्तकाला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. जपानच्या केइजी नाकाझावा यांनी ‘बेअरफूट गेन’ १९७३ पासून लिहावयास घेतले. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा ते सहा वर्षांचे होते आणि आपले वडील व भावंडे त्यांनी त्यात गमावली होती. मार्जान सत्रापी यांनी ‘पर्सेपोलिस’मध्ये १९७९ च्या क्रांतीनंतरचे इराण एका मुलीच्या नजरेतून, केवळ काळ्या-पांढऱ्या रंगांत उभे केले. आपल्याकडे ओरिजित सेन यांनी १९९४ मध्ये ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ या पुस्तकात नर्मदेच्या खोऱ्यातील आदिवासींच्या सृष्टिकथा आणि धरणाविरुद्धचा लढा एकत्र गुंफला. महात्मा फुले यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’वर आधारित ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ हे पुस्तकही २०११ मध्ये आले. विषयांची ही यादी पाहून कोणी ‘पोरकट’ म्हणणार असेल, तर त्या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

‘चित्रे असली की कल्पनाशक्तीला काम उरत नाही’ हा आक्षेप मी स्वतः घेत असे. चित्रकार स्कॉट मॅक्‌क्लाउड यांनी १९९३ च्या आपल्या विवेचक ग्रंथात त्याचे उत्तर दिले आहे. दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी पट्टी असते. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड दिसते, पुढच्या चौकटीत रात्रीच्या शहरावर उमटलेली किंकाळी. घाव कोठे दिसत नाही. तो वाचकाने आपल्या मनात घातलेला असतो. म्हणजे त्या कोऱ्या पट्टीत वाचकाला राबावे लागते. घाईने पाने उलटणाऱ्याला हे श्रम जाणवत नाहीत, आणि मी घाईनेच उलटत होतो.

अर्थात या प्रकारात निकृष्ट पुस्तके पुष्कळ आहेत, हे मान्य केले पाहिजे. अभिजात कादंबऱ्यांचा सांगाडा काढून त्यावर भडक रंग फासलेली रूपांतरे बाजारात कमी नाहीत. शिवाय एखादा सिद्धान्त पायरीपायरीने सिद्ध करावयाचा असेल, तर गद्याला पर्याय नाही. ‘भीमायन’ वाचले म्हणून ‘जातिनिर्मूलन’ वाचण्यातून सुटका होत नाही. उलट ते वाचण्याची निकड वाढते. माझे म्हणणे इतकेच की, कादंबरीला, कवितेला आपण जी कसोटी लावतो, तीच येथे लावावी. पान उघडण्यापूर्वी शेरा लिहू नये.

खर्चाचा प्रश्न

खरा आक्षेप किमतीचा आहे आणि तो मी गंभीरपणे घेतो. चित्रकादंबरीचे एक पान काढण्यास कलावंताचे कित्येक दिवस खर्ची पडतात. कागद चांगला लागतो, रंगीत छपाई महाग असते. मराठी पुस्तकांच्या लहान आवृत्त्यांवर हा सारा खर्च विभागला, की प्रत सामान्य कारकुनाच्या वा विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर जाते. वाचक नाहीत म्हणून पुस्तके नाहीत, आणि पुस्तके नाहीत म्हणून वाचक नाहीत, असे हे दुष्टचक्र आहे.

परंतु ज्या वस्तूचा प्रारंभीचा खर्च मोठा आणि एकदा तयार झाल्यावर आणखी एका माणसाने ती वापरण्याचा खर्च जवळजवळ शून्य, ती वस्तू सामाईकपणे खरेदी करावी, हे अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षातील सूत्र आहे. ग्रंथालय ही संस्था त्याच सूत्रावर उभी आहे. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, गावोगावी अनुदानित ग्रंथालये उभी राहिली. त्यांनी आणि महाविद्यालयांनी आपल्या खरेदीतील अगदी लहान हिस्सा जरी या पुस्तकांसाठी राखला, तरी प्रकाशकाला किमान मागणीची खात्री मिळेल. साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देते. तशीच एखादी योजना लेखक व चित्रकार यांच्या जोडीसाठी का असू नये? कलाशाळांतून दरवर्षी बाहेर पडणारे तरुण जाहिरातीच्या व्यवसायात जातात, कारण दुसरे दार उघडे नसते. मसूर, दौलताबाद, नर्मदाकाठ ही आपल्या परिसरातील स्थळे. त्यांच्यावरील ही पुस्तके इंग्रजीत लिहिली गेली. त्यांना मराठीतून जन्म घेण्याइतकी जागा आपण ठेवली नाही, याची रुखरुख वाटावयास हवी.

यंदाच्या सभेत मी ती तीन नावे पुन्हा पत्रकात लिहिली. एका सहकाऱ्यांनी हसून ‘आता चित्रे पाहणार काय?’ असे विचारले. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना मीच दिला होता. पुस्तके मंजूर झाली, गेल्या महिन्यात आली, दाखल नोंदवहीत त्यांना क्रमांकही मिळाले. ज्या विद्यार्थिनीने ती मागितली होती, ती मात्र पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडली आहे. तिच्या वाट्याच्या दोन वर्षांत तिला ग्रंथालयाकडून मिळाला तो माझा तांबडा शेरा. पुस्तके उशिरा घेता येतात. विद्यार्थ्याचे वर्ष उशिरा देता येत नाही. पुढच्या मागणीपत्रकावर लेखणी टेकविण्यापूर्वी एवढे स्मरण ठेवावे, अशी माझी स्वतःला आणि माझ्यासारख्या सर्वच सभासदांना विनंती आहे.