घरचा अभ्यास : उत्तर कोणाचें?

दिवेलागण झाली, शुभंकरोति आटोपलें, कीं बहुतेक घरांत वह्या-पुस्तकांचा पसारा मांडला जातो आणि प्रश्नांना आरंभ होतो. घरांत चार वडील माणसें शिकलेलीं असणें हें मुलांचें भाग्यच. परंतु या भाग्याला एक उणी बाजूही आहे. जेवणाची वेळ होत आलेली असते, हातांत काम असतें, आणि समजावून देण्यापेक्षां उत्तर सांगून मोकळें होणें सोपें वाटतें. आतां तर मोबाइलवरही तें आयतें मिळतें. दुसऱ्या दिवशीं वहींत बरोबरची खूण येते व सर्वांचें समाधान होतें.

या समाधानाची किंमत मात्र मुलाला द्यावी लागते. वैद्यानें नाडी पाहावी तशी शिक्षक वही पाहतात. मुलाला काय येत नाहीं, हें त्यांस तीवरून कळावयाचें असतें. चूक घरींच पुसून टाकली तर शिक्षक निर्धास्त राहतात, आणि परीक्षेच्या दिवशीं मूल एकटें पडतें.

मग मदत करूंच नये काय? अवश्य करावी, परंतु उत्तर न सांगतां पुढचा प्रश्न विचारावा.

१/२ आणि १/३ यांची बेरीज पुष्कळ मुलें २/५ अशी लिहितात. अंशांत अंश व छेदांत छेद मिळवला, कीं त्यांचें काम झालें! “चुकलें” म्हणण्यापूर्वीं विचारावें, “२/५ हें अर्ध्याहून मोठें कीं लहान?” अर्ध्यांत भर घालून बेरीज अर्ध्याहून लहान कशी झाली, हें कोडें मुलाला पडलें म्हणजे निम्में काम झालें. मग एका पोळीचे सहा सारखे भाग करावे. अर्धी पोळी म्हणजे तीन भाग, तिसरा हिस्सा म्हणजे दोन, मिळून पांच. ५/६ हें उत्तर आतां त्याचें स्वतःचें झालें. ‘समच्छेद’ हा शब्द त्यानंतर सांगावा.

भूगोलांतही तसेंच. महाबळेश्वरीं वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तीस-बत्तीस किलोमीटरांवरील वाईस १,००० मिलिमीटरही पडत नाहीं. याचें कारण पाठ करवून न घेतां नकाशा उघडावा. पावसाळी वारा कोणत्या दिशेनें येतो? वाटेंत त्याला काय आडवें येतें? डोंगर चढतांना हवा गार होऊन तींतील बाष्पाचें पाणी होतें, आणि पलीकडे उतरतांना तीच हवा उष्ण व कोरडी होते, इतकें उमगल्यावर ‘पर्जन्यछाया’ हा शब्द विसरावयाचा नाहीं.

संस्कृतांत ‘बालकः ग्रामं गच्छति’ येथें द्वितीया कां, असें मूल विचारतें. त्याला म्हणावें, “मराठींत हेंच सांग पाहूं.” ‘मुलगा गांवास जातो’ असें तें म्हणेल, आणि ‘स’ हा तर आपल्याकडेही द्वितीयेचाच प्रत्यय.

इतिहासांत पुरंदरच्या तहानें २३ किल्ले गेले व १२ राहिले, एवढ्यावर थांबूं नये. १६६४ ची सुरतेची स्वारी, १६६५ चा तह, १६६६ मधील आग्र्याहून सुटका, १६७० मध्यें परत घेतलेला सिंहगड, १६७४ चा राज्याभिषेक, ही सनावळी मुलाकडूनच मांडवून घ्यावी व विचारावें, “तह ही हार होती, कीं मिळवलेली सवड?” त्याचें मत आजोबांहून निराळें पडलें, तरी तें कारणें देत असेल तर शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.

एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण येते. आजोबांना पावकी-निमकी तोंडपाठ, काका बीजगणितानें जाणार, आणि शाळेंत शिकवलेली रीत तिसरीच! मोठ्यांचा वाद रंगतो व मूल तोंडाकडे पाहत बसतें. यावर तोड अशी : वहींत शाळेची रीत असावी, आजोबांची रीत ताळा पाहण्यास घ्यावी, आणि एका संध्याकाळीं एकानेंच शिकवावें. मुलीच्या अभ्यासाच्या वेळीं तिला पानें मांडावयास उठवूं नये, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. तिची तंद्री मोडली, तर तीही भावाच्या तंद्रीइतकीच मोलाची असते.

कोणासच उत्तर आलें नाहीं तर? “मलाही ठाऊक नाहीं, कोशांत पाहूं,” असें आईनें किंवा वडिलांनीं म्हणण्यांत कमीपणा नाहीं. तेवढ्यानेंही न उलगडलें, तर मुलानें स्वतःच्या हातानें वहींत लिहावें : “येथपर्यंत आलें, पुढें समजलें नाहीं.” ही ओळ लिहिण्याचें धैर्य मुलाला घरांतूनच यावें लागतें. ज्याला न समजल्याची लाज वाटते तें मूल पुढें दुसऱ्याची वही उतरवूं लागतें. आणि ती संवय मोडणें हें अपूर्णांक शिकवण्याहून फार कठीण आहे.